काकू, अहिराणी टाकू का?

व्हिसाच्या अर्जातला तो रकाना आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. डीएस-१६० नावाचा हा ऑनलाइन अर्ज म्हणजे न संपणारं प्रकरण. जरा वेळ हात थांबला की पान बंद पडतं आणि सेव्ह केलेलं नसेल तर पुन्हा श्रीगणेशा. म्हणून पुतण्या टाइप करत होता आणि मी शेजारी बसून कागद पुरवत होते. गेल्या पाच वर्षांत कोणत्या देशांत गेलात? एकाही नाही. तुम्ही कुठल्या टोळीचे, जमातीचे आहात का? यावर घरात दहा मिनिटं वाद झाला. मग आलं, तुम्ही बोलता त्या भाषांची यादी द्या.

"मराठी, हिंदी, इंग्रजी," मी म्हटलं.

त्याने टाकलं आणि स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "काकू, अहिराणी टाकू का?"

"ती काय भाषा आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं. आतल्या खोलीत सासूबाई जाग्याच होत्या. त्या काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण म्हणाल्या ते अहिराणीत म्हणाल्या.

मी गणित शिकवते. खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात अनुदानित माध्यमिक शाळा आहे, तिथे सतरा वर्षं झाली. अमेरिकन सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीचा एक कार्यक्रम माध्यमिक शिक्षकांसाठी असतो, 'टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट' नावाचा. वेगवेगळ्या देशांतले वीसेक शिक्षक एका अमेरिकन विद्यापीठात सहा आठवडे राहतात, शिकतात, तिथल्या शाळेत जाऊन वर्ग बघतात आणि आपल्या देशाविषयी सांगतात. खर्च सगळा कार्यक्रमाचा. माझ्या वाट्याला ओहायो राज्य आलं, जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात. या निवडीच्या गोष्टीत मी फार शिरत नाही. अर्ज केला, निबंध लिहिले, मुलाखत झाली. त्यातली टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मात्र सांगायला हवी. तेव्हा बोलण्याच्या भागात पहिल्या प्रश्नाला पंधरा सेकंद विचार करायचा आणि पंचेचाळीस सेकंद संगणकाशी बोलायचं, असं होतं. खोलीतले सगळे एकदमच बोलायला लागले. माझ्या बाजूचा मुलगा स्वतःच्या आवडत्या शहराबद्दल इतक्या जोरात सांगत होता की माझी दहा सेकंदं त्याचं शहर ऐकण्यात गेली. वर्गात पाढे म्हणताना मागच्या बाकावरच्या पोराचं काय होत असेल ते त्या दिवशी कळलं.

खरा घोळ नावाचा झाला. जिला कुणाला असा अर्ज करायचा असेल तिने हा भाग नीट वाचावा. माझ्या दहावी, बारावी, बीएस्सी, बीएडच्या कागदांवर माहेरचं नाव आहे. आधार, पॅन, पगाराचं शालार्थ, सगळीकडे सासरचं. कार्यक्रमाचा अर्ज भरताना पासपोर्ट नव्हताच, तेव्हा मी शैक्षणिक कागद समोर ठेवून माहेरचं नाव टाकलं. निवड झाल्यावर जळगावला पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेले. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला वर २००० जास्त. मी साधाच केला. तो अर्थातच आधारप्रमाणे सासरच्या नावाने निघाला. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले, चहा प्यायले, शेजाऱ्यांना माझं नाव विचारलं. शेजारीण म्हणाली, "मॅडम." नाव तिला ठाऊकच नव्हतं.

म्हणजे निवडीचं पत्र एका बाईच्या नावाने आणि पासपोर्ट दुसऱ्या बाईचा. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि दोन ईमेल यावर ते सुटलं, पण आठ दिवस झोप नव्हती. कारण व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा कागद पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावा लागतो. आधी पासपोर्ट काढा आणि मग त्यावरचं नाव डोळे मिटून सगळीकडे उतरवा, एवढंच सांगेन. आणखी एक गंमत. पासपोर्टवर मधल्या नावाला वेगळी जागा नसते. त्यामुळे माझं नाव आणि मिस्टरांचं नाव एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसलं. तेव्हापासून तिकडून येणाऱ्या प्रत्येक ईमेलची सुरुवात आम्हा दोघांच्या नावाने व्हायची. मिस्टर खूश. अमेरिकेला न जाताच त्यांना निमंत्रण.

ना हरकत प्रमाणपत्राची फाईल दीड महिना फिरली. संस्थेचा ठराव झाला, मुख्याध्यापकांचं पत्र झालं, पुढे एका कार्यालयात ती टेबलावर थांबली. सहा आठवडे कर्तव्यकाळ धरायचा की अर्जित रजा, यावर तिथे दोन मतं होती आणि दोन्ही मतांची माणसं एका दिवशी कधीच हजर नसत. पत्रातल्या 'सांस्कृतिक देवाणघेवाण' या शब्दांवरून एकाने विचारलं, "सांस्कृतिक म्हणजे तुम्ही तिथे गाणी म्हणणार का?" मी म्हटलं, गणित शिकवते. "मग सांस्कृतिक कसं?" हा प्रश्न तेव्हा मला अडाणीपणाचा वाटला होता. पुढे त्याच प्रश्नाने मला छळलं.

मुख्याध्यापकांची अडचण रास्त होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. दहावीचं वर्ष. गणिताची बाई ऐन परीक्षेत अमेरिकेत! पालक काय म्हणतील? मी दिवाळीच्या सुट्टीपासून सकाळी साडेसातचे जादा तास सुरू केले. कापूस वेचणीचे दिवस, पोरं आधी शेतात जाऊन यायची, काहींच्या बोटांना बोंडांच्या कडा टोचून चिरा पडलेल्या असत. वीस जानेवारीपर्यंत भाग एक आणि दोन संपवायचे, सराव परीक्षा दोन घ्यायच्या, असा तक्ता फळ्याशेजारी लावला. तो तक्ता तीन वेळा कोलमडला. भूमितीतलं वर्तुळ नेहमीच जास्त दिवस खातं. मग एका मुलीने हिशोब मांडून दाखवला. ओहायो आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. आपली शाळा साडेदहाला भरते तेव्हा तिथे बरोबर रात्रीचे बारा. पण सकाळी साडेसात म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे नऊ. "म्हणजे मॅडम, जादा तास बंद करायची गरज नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे बाईला अमेरिकेतही सोडणार नाहीत.

व्हिसाची फी आम्हाला नव्हती, कारण कार्यक्रम अमेरिकन सरकारचाच. पण फोटो लागतो दोन इंच बाय दोन इंच, मागे पांढरं, चष्मा काढून. आमच्या गावच्या स्टुडिओवाल्याने पहिल्या खेपेला मागे निळं टाकलं. दुसऱ्या खेपेला पांढरं टाकलं आणि माझा चेहराही तेवढाच पांढरा केला. तिसऱ्यांदा त्याला समोर बसवून म्हटलं, दादा, आहे तसं राहू दे.

अमरावती एक्स्प्रेसने मुंबई, कल्याणला नणंदेकडे मुक्काम. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी बांद्रा-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. आत मोबाइल चालत नाही हे ठाऊक होतं, म्हणून नंदावा बाहेर माझा फोन घेऊन थांबले. हातात फक्त पारदर्शक फोल्डर. रांगेत पुढे इंजिनिअरिंगची पोरं, मागे लेकीच्या बाळंतपणाला निघालेले आईवडील. खिडकीतल्या बाईंनी विचारलं काय शिकवता, किती पोरं, परत आल्यावर काय कराल. मग स्क्रीनवर बघत त्या थांबल्या. "ही अहिराणी कुठे बोलतात?"

होय, टाकली होती. त्या रात्री पुतण्याने शोधून दाखवलं होतं की इंग्रजांच्या काळातल्या ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे आमच्या अहिराणीला, वेगळी जागा आहे, भिल्ल भाषांच्या खंडात. आणि २०११ च्या जनगणनेत अहिराणीसकट अठरा लाखांवर लोक खानदेशी या भाषेखाली मोजले आहेत. त्या अठरा लाखांत आमचं घर नाही. जनगणनेला आलेले गुरुजी माझ्याच ओळखीचे होते, मी त्यांना सरळ मराठी सांगितलं होतं.

खिडकीशी मी म्हटलं, आमच्या घरी बोलतात. पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा झाला. जेमतेम तीन मिनिटं. बाहेर आले तर नंदावा म्हणाले, इतक्या लवकर? नाकारला की काय? गावाकडे बातमी पोहोचेपर्यंत तिला पाय फुटले होते. मॅडम आता तिकडेच राहणार. या जे-१ व्हिसाला एक अट असते. परत येऊन दोन वर्षं मायदेशी काढल्याशिवाय तिकडच्या नोकरीचा किंवा कायम राहण्याचा व्हिसा मिळत नाही. ही अट मी नातेवाइकांना इतक्यांदा सांगितली की शेवटी एका मामांनी सांत्वन केलं, "असू दे बेटा, दोन वर्षं काय, अशी जातील."

आता ते 'सांस्कृतिक'. कार्यक्रमाच्या पत्रात लिहिलं होतं की प्रत्येकाने आपल्या प्रदेशाची ओळख करून देणारं छोटं सादरीकरण आणावं, पारंपरिक वेश आणावा, वस्तू आणाव्यात. स्टाफरूममध्ये सल्ल्यांचा पाऊस पडला. नऊवारी न्या. नथ न्या. लेझीम न्या. पैठणी तर हवीच. उकडीच्या मोदकांचे फोटो टाका. गणपतीची मिरवणूक टाका, ढोल-ताशा टाका. मी जळगावहून शिवलेली नऊवारी आणली, पायजम्यासारखी पायांत घालायची. चाळीस स्लाइड केल्या आणि जादा तासानंतर दहावीच्या पोरांसमोर रंगीत तालीम केली. इंग्रजीत. अधूनमधून कवायत केल्यासारखे हात हलवत.

संपल्यावर टाळ्या झाल्या. मग शेवटच्या बाकावरून एक आवाज आला, हळूच, शेजाऱ्याला उद्देशून, "यामा आपलं काय शे?"

यात आपलं काय आहे. मी ऐकलं नाही असं दाखवलं. पण घरी येऊन चाळीस स्लाइड पुन्हा बघितल्या. उकडीचा मोदक माझ्या घरात कधी झालेला नाही, आमच्याकडे तळणीचे होतात. पैठणी मी एकदाच नेसलेय, तीही जावेची. आमच्या घरची सगळ्यात मोठी धांदल म्हणजे श्रावणातला कानबाई देवीचा सण. त्या सबंध सादरीकरणात कानबाई नव्हती. रोट नव्हते. आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके नव्हते, खापरावरचे मांडे नव्हते, हिवाळ्यात शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत नव्हतं, कापूस नव्हता, केळी नव्हती. मीच नव्हते, खरं तर.

आणि या सगळ्याचं कारण मला माहीत होतं. अहिराणीत 'ळ' नाही, त्याचा 'य' होतो. डोळ्याचा डोया, फळ्याचा फया, शाळेची शाया. सतरा वर्षांत मी किती पोरांची 'शाया' पुसून 'शाळा' करून दिली असेल, गणतीच नाही. चांगल्यासाठीच केलं, असंच वाटायचं. परीक्षेत, कॉलेजात, पुण्यात हसतात पोरांना. मलाही हसले होते. बीएडच्या पहिल्या पाठात 'फयाकडे बघा' निघून गेलं होतं, त्यानंतर मी वर्गात तो उच्चार कधी होऊ दिला नाही. आता सातासमुद्रापार जाऊन 'आमची संस्कृती' दाखवायची वेळ आली तर दाखवायला पुण्याचीच सापडली.

दुसऱ्या दिवशी पोरांनाच विचारलं, तुम्ही काय न्याल? दोन दिवसांत टेबल भरलं. एकाने आजीच्या आवाजातली कानबाईची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणली, मागे शेळी ओरडतेय. एकीने लाकडी मापं आणली, शेर आणि पायली. चार शेरांची पायली. अपूर्णांक शिकवताना हे मी कधी का वापरलं नाही? एक जण कापसाचं फुटलेलं बोंड घेऊन आला. ते मात्र नेता येणार नव्हतं. अमेरिकेत बी, ताजी फळं-भाज्या, मांस घेऊन उतरता येत नाही आणि बोंडात सरकी असते. त्याचा फोटो घेतला. बोंड मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं.

तिकडच्या शाळेत मला एक पाठही घ्यायचा होता. त्याचं उत्तर आमच्यापासून जवळच निघालं, पाटणादेवीला. सहली नेऊन नेऊन पाय झिजले असतील, पण तिथल्या शिलालेखाकडे मी कधी गणिताची शिक्षिका म्हणून बघितलं नव्हतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या दरबारातला ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिलं. सन १२०७ च्या आसपासची गोष्ट. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. पण बाजारातला कर मठाला कसा मिळेल, तेल किती द्यायचं, हे जिथे येतं तिथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. स्तुती संस्कृतात, हिशोब लोकांच्या बोलीत. भास्कराचार्यांच्या जन्मगावावरून मारामाऱ्या होतात, त्यात मला पडायचं नाही. माझ्या शाळेपासून तासाभराच्या अंतरावर आठशे वर्षांपूर्वी लीलावती शिकवायची सोय झाली होती, एवढं मला पुरे.

म्हणून पाठ ठरला लीलावतीतल्या मोर-सापाच्या गणिताचा. नऊ हात उंच खांबावर मोर बसलाय. खांबाच्या पायथ्याशी सापाचं बीळ. खांबाच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून, म्हणजे सत्तावीस हातांवरून, साप बिळाकडे येतोय. मोर तिरपा झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं तर बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? पायथागोरस लावा, उत्तर बारा. मी ठरवलं की आधी दहावीला हे अहिराणीतून सांगून बघायचं.

पहिल्या दिवशी गणित झालंच नाही. मॅडमच्या तोंडून अहिराणी ऐकून वर्ग असा हसत सुटला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. मला वाटलं होतं, मातृभाषेतून सांगितलं की पोरं फुलासारखी उमलतील. कसलं काय. त्यांना वाटलं मी त्यांची नक्कल करतेय. तीन मुलं तर चक्क रागावली. दुसऱ्या दिवशी थोडं कमी हसले. तिसऱ्या दिवशी आकृती काढून झाल्यावर एका मुलीने हात वर केला. ही वर्षभर तोंड न उघडणारी. म्हणाली, "मॅडम, साप मोरनाइतला पयस का?"

साप मोराइतका पळतो का? शेतात दोन्ही रोज बघणाऱ्या पोरीचा प्रश्न. मी म्हटलं, गणितात तसं धरलंय. ती खाली बसली, पण तिला पटलेलं नव्हतं हे दिसत होतं.

बाकी तयारी सगळ्यांसारखीच. विद्यापीठाचा ईमेल आला की सध्या इथे चौदा अंश आहे, गरम कपडे आणा. घरचे निर्धास्त झाले. चौदा म्हणजे आपल्या डिसेंबरची पहाट. मीही क्षणभर फसले, मी, गणिताची बाई! मग लक्षात आलं, फॅरनहाइट. बत्तीस वजा करा, पाचने गुणा, नऊने भागा. उणे दहा. मेमध्ये पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या घरात एकदम शांतता पसरली. दुसऱ्याच दिवशी मिस्टर जळगावच्या स्वेटरवाल्यांकडून लोकरीचं जे मिळेल ते घेऊन आले, त्यात एक माकडटोपी. मी एक चांगलं थर्मल घेतलं, बाकी तिथे घेऊ म्हटलं.

सासूबाईंना एकच काळजी, "भाकर भेटी का तठे?" भाकरी मिळेल का तिथे? त्यांनी दादर जातीच्या ज्वारीचे बिबडे, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला बांधून दिला. मसाला मोठ्या बॅगेत टाकला, विमानात हातातल्या पिशवीत जास्त पावडर असली की विचारपूस होते. उतरल्यावर खाण्याचं जे आहे ते सगळं सांगायचं, लपवायचं नाही, हे मी घोकून ठेवलं. जळगावचे केळीचे वेफर्स वीस पाकिटं, भेटी द्यायला. वजन करायला बॅग गल्लीतल्या कापूस व्यापाऱ्याच्या काट्यावर नेली. मर्यादा तेवीस किलोंची, काटा दाखवतो सव्वीस. त्याने विचारलं, "मॅडम, घट किती धरू?" शिवलेली नऊवारी, लेझमीची जोडी आणि माकडटोपी निघाली. टोपी मिस्टरांनी नकळत परत कोंबली, ती मला ओहायोत सापडली. तिचे उपकार वेगळे.

निघायच्या संध्याकाळी चाळीसगाव स्टेशनवर निम्मा वर्ग आला होता. सासूबाई म्हणाल्या, "पोचनी म्हंजे फोन कर." गाडी सुटताना त्या मोर-सापवाल्या मुलीने खिडकीतून वहीचं दुमडलेलं पान आत टाकलं. नांदगाव गेल्यावर उघडलं. तिने मोराचा वेग सापाच्या दुप्पट धरून सगळं गणित नव्याने मांडलं होतं. वर्ग समीकरण येत होतं. क्ष वर्ग वजा बाहत्तर क्ष अधिक नऊशे पंचेचाळीस. तिथून पुढे १४०४ चं वर्गमूळ, आणि तिथे ती अडली होती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "तठे इचारा, कोनले येस का."

मी पेन काढलं. उत्तर सतरा हात आणि वर थोडं येतं, बारासारखं देखणं येत नाही. कल्याण येईपर्यंत दोनदा तपासलं.